सकाळचा फुगा

३ मार्च, सोमवार

आज कारखाना पुन्हा उघडला. कारखाना म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत तीन बर्नर आणि एक लेथ, मागच्या खोलीत काच घासायची चाकं, भट्टी आणि पॅकिंगचं टेबल. प्रयोगशाळांना लागणारी काचेची भांडी आम्ही करतो. काम दादाने सुरू केलं आणि मला त्यानेच शिकवलं. दादा माझा मोठा भाऊ. गेल्या महिन्यात तो फुप्फुसाच्या कॅन्सरने गेला.

मला लिहायची सवय नाही. पण रोज संध्याकाळी बर्नर बंद केले की दादा स्टुलावर बसून विचारायचा, "आज कुणाचं राहिलं?" म्हणजे आज कुणाचे आभार मानायचे राहिले. मग आम्ही आठवायचो. नळ्यांची खोकी अलगद उतरवणारा टेम्पोवाला, चुकीचं माप वेळेत कळवणारी कॉलेजातली बाई. दुसऱ्या दिवशी दादा आठवणीने फोन करायचा. आज शटर ओढल्यावर तोच प्रश्न मनात आला आणि सांगायला समोर कोणी नव्हतं. म्हणून ही वही.

आज राहिलेलं: गप्पूशेठ. तो चाकावर बसतो, बाटली आणि तिचं झाकण एकमेकांत घट्ट बसावं म्हणून काच घासायचं काम त्याचं. क्षणभर गप्प बसत नाही म्हणून दादाने हे नाव ठेवलं होतं. आज तो दिवसभर एक शब्द बोलला नाही. ह्याबद्दल आभार कसे मानायचे ते कळेना, म्हणून मानले नाहीत.

सकाळचा फुगा गोल आला.

५ मार्च, बुधवार

फुग्याचं लिहून ठेवतो. दादाचा नियम होता की काम सुरू करण्याआधी प्रत्येकाने उरलेल्या नळीच्या तुकड्याचा एक फुगा फुंकायचा. गोल आला तर काय हवं ते काम करा. वाकडा आला तर त्या दिवशी मोठं भांडं हातात घ्यायचं नाही, छोटी कामं करायची. फुगे संध्याकाळी भंगाराच्या पेटीत जातात. दादाचा एक तेवढा मी फळीवर ठेवला आहे. इतका गोल की त्यात अख्खी खिडकी दिसते.

ह्या नियमाने आम्हाला कधी धोका दिला नाही. ताप यायच्या आदल्या दिवशीच माझा फुगा एका बाजूला फुगला होता. ज्याचा फुगा गोल त्याची छाती ठणठणीत, असं आम्ही म्हणायचो.

आज समोरचे दुकानदार भेटायला आले. बसल्या बसल्या पहिला प्रश्न, "ओढायचे का हो?" सगळे हेच विचारतात. दादाने आयुष्यात सिगारेट ओठाला लावली नाही. मी तसं सांगितलं, जरा जोरातच. ते म्हणाले, "चोरून वगैरे?" मागून गप्पूशेठ ओरडला, "ओढायचे ना! रोज सकाळी मला अंथरुणातून कामाला ओढायचे!" दुकानदार लवकर उठले. गप्पूशेठला वाचा परत आली, बरं झालं.

९ मार्च, रविवार

जेवायला नेहमीप्रमाणे वहिनींकडे गेलो. मी एकटाच आहे, लग्नाचं कधी जमलं नाही, पहिल्यापासून त्यांच्याकडेच जेवतो. वहिनी दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि जिन्याच्या वळणावर त्यांना थांबावं लागतं. लहानपणापासूनचा दमा. औषधाचा पंप सतत पिशवीत. दादा पुढे जाऊन वर उभा राहायचा आणि उगाचच खिसे चाचपायचा, म्हणजे त्यांना घाई वाटायला नको. आज मीही वर जाऊन खिसे चाचपले. वहिनी म्हणाल्या, "किल्ली माझ्याकडे आहे, भावजी. तुम्हाला नाटक जमत नाही."

पुतणीचा फोन आला. ती लांबच्या शहरात शिकवते. म्हणाली, "काका, आईकडे लक्ष ठेव." नंतर फोन वहिनींना दिला तर बराच वेळ तिकडून ती बोलत होती आणि वहिनी नुसत्या "हो, मी बघते त्यांच्याकडे" म्हणत होत्या. कुणाकडे ते विचारलं नाही.

१४ मार्च, शुक्रवार

वहिनी आणि मी हॉस्पिटलात जाऊन आलो. दादाच्या डॉक्टरीणबाईंचे आभार मानायचे होते. दादाच्या गाठीच्या पेशींत एक बदल सापडला होता. तो न ओढणाऱ्यांत जास्त आढळतो आणि त्यावर गोळी असते. त्या गोळीने दादाला सव्वा वर्ष मिळालं, आणि त्यातलं बरंचसं चांगलं गेलं. तो कामावर यायचा, भांडायचा, फुगा फुंकायचा. मी बाईंसाठी एक छोटी फुलदाणी करून नेली होती. त्यांनी ती लगेच पाणी घालून टेबलावर ठेवली.

मला एकच विचारायचं होतं. "न ओढता कसं झालं?"

त्या म्हणाल्या, "मी शिकत होते तेव्हा असा पेशंट आला की आम्ही सगळे बघायला जायचो. आता रोजच्या रांगेत असतात. बायका जास्त."

"म्हणजे वाढलाय?"

"ओढणारे कमी झाले, त्यामुळे न ओढणाऱ्यांचा वाटा मोठा दिसतो. काही ठिकाणी आकडाही वाढतोय असं म्हणतात. नक्की का, ते अजून कुणाला माहीत नाही."

मग त्यांनी आमची चौकशी केली. लहानपणी घरात चूल होती का, वडील ओढायचे का. चूल होती आणि खोली एकच होती, धूर जायला जागा नव्हती. वडील ओढायचे, तेही त्याच खोलीत. कारखाना कुठे आहे? ट्रकांच्या रस्त्यावर. काचेची धूळ? चाकावर असतेच. ॲस्बेस्टॉस? सुरुवातीला हातमोजे आणि टेबलावरचं कापड त्याचंच होतं, वाईट असतं हे कळल्यावर दादाने सगळं काढून टाकलं. जमिनीतून वर येणारा एक वायू असतो म्हणाल्या, त्याला वास नाही की रंग नाही, तोही कुठे कुठे कारण ठरतो. मी विचारलं, ह्यातलं कुठलं? त्या म्हणाल्या, "एका माणसाच्या बाबतीत बोट दाखवून सांगता येत नाही. कधी ह्यातलं काहीच नसतं तरी होतो."

मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "तुम्ही त्याच घरात वाढलात, त्याच खोलीत काम केलंत आणि सख्खे भाऊ आहात. एकदा स्कॅन करून घ्या. न ओढणाऱ्या सगळ्यांना मी सांगत नाही. उगाच काहीतरी ठिपका दिसतो आणि माणूस काळजीने अर्धा होतो. पण तुम्हाला सांगते."

मी म्हटलं, "मला काही त्रास नाही."

"त्रास नाही तेव्हाच करायचा असतो."

बाई फार दमलेल्या वाटल्या. दिवसभर तेच बघून माणसाला सगळीकडे तेच दिसत असणार.

१७ मार्च, सोमवार

फुगा गोल. नेहमीपेक्षा मोठा आणि एका दमात. गप्पूशेठला दाखवला. तो म्हणाला, "हो, हो, फार सुंदर, आता डॉक्टरांना पाठवा." वहिनींनी त्याला सांगितलेलं दिसतं.

स्वतःशी खरं लिहायला हरकत नाही. मला स्कॅनची भीती वाटत नाही. पण दादाच्या स्कॅनच्या दिवशी तो आत गेला तेव्हा आमचा दादा होता आणि बाहेर आला तेव्हा पेशंट होता. मध्ये चहा प्यायला लागतो तेवढाच वेळ गेला होता. आणि एका विद्यापीठाचे कंडेन्सर, म्हणजे वाफ थंड करायची काचेची नळकांडी, करायचे आहेत. ते काम दादाने घेतलं होतं. ते मला माझ्या हाताने पुरं करायचं आहे. मग बघू.

२४ मार्च, सोमवार

संध्याकाळी वहिनींकडे गेलो तर त्या स्वयंपाकघरात बसून दादाची दांडकी फिरवत होत्या. दोन लाकडी दांडकी, मध्ये कापडाची पट्टी. काच शिकणाऱ्याला दादा आधी हेच द्यायचा. दोन्ही हात एकाच गतीने फिरले पाहिजेत, मधल्या पट्टीला पीळ पडता कामा नये. मला त्याने महिनाभर ज्योतीजवळ येऊ दिलं नव्हतं. मला बघून वहिनींनी दांडकी डब्यामागे ठेवली. मी न बघितल्यासारखं केलं. बिचाऱ्या आठवण म्हणून हातात घेऊन बसत असतील.

१ एप्रिल, मंगळवार

मंगळवारी मी माल पोचवायला जातो. दुपारी परत आलो तर दादाचा बर्नर कोमट होता. तो आम्ही अजून लावत नाही. गप्पूशेठला विचारलं तर म्हणाला, "असाच लावला. बरं वाटतं." मग गडबडीने हवापाण्यावर बोलायला लागला. इतक्या वर्षांत त्याला असं हळवं झालेलं पाहिलं नव्हतं. मी पुढे विचारलं नाही. ज्याची त्याची रीत.

८ एप्रिल, मंगळवार

वहिनींच्या अंगठ्याला पट्टी. चहाच्या भांड्याचा चटका बसला म्हणाल्या. पट्टी बदलताना डाग दिसला, बारीक आणि लांबट, नळीसारखा. वहिनी कामात वेंधळ्या कधीच नव्हत्या. दुःखाने माणसाचं लक्ष राहत नाही हेच खरं. मी मलम आणून दिलं.

भंगाराची पेटी लवकर भरते आहे. गप्पूशेठला सांगायला हवं.

१२ एप्रिल, शनिवार

पुतणीचा फोन.

"काका, स्कॅनची तारीख घेतलीस?"

"कंडेन्सर चाललेत."

"किती झाले?"

"निम्मे."

"मागच्या वेळीही निम्मेच होते."

"माझा फुगा रोज गोल येतो," मी म्हटलं.  त्यावर ती म्हणाली, "बाबाही हेच सांगायचे. ह्याच शब्दांत." आणि फोन ठेवला. ठेवताना रडत होती असं वाटलं. बापाची आठवण येणारच. उद्या चांगलं काहीतरी बोलीन.

१८ एप्रिल, शुक्रवार

आजचं नीट लिहायला हवं.

सकाळी शटर वर केलं तर पाठोपाठ वहिनी आल्या. चालत आल्या होत्या, धाप लागली होती. म्हणाल्या, "भावजी, आज तुमच्या आधी मी." आणि सरळ दादाच्या स्टुलावर बसल्या. डोळ्यांना ज्योतीची झळाळी अडवणारा त्याचा गुलाबी चष्मा लावला, तो त्यांच्या नाकावरून घसरत होता. गप्पूशेठ मागच्या खोलीच्या दारात हात बांधून उभा, चक्क गप्प. वहिनींनी गॅस सोडला, ज्योत पेटवली, आधी पिवळी मग निळी केली आणि नळीचा तुकडा धरला. तेव्हा मला एकदम सगळं कळलं. दांडकी, चटका, कोमट बर्नर, भंगार.

हात फिरत होते. अगदी सावकाश आणि सारखे. काच लाल झाली, मऊ झाली. त्यांनी ती ज्योतीबाहेर काढली, नळीचं टोक ओठात धरलं आणि गाल जरासे फुगवले. माझ्यापेक्षा लहान, पण फुगा आला.

"कसा आहे?"

"गोल आहे."

"उजेडाकडे धरून बघा. वहिनी म्हणून सांगू नका."

"गोल आहे, वहिनी. छान आहे."

"चला. म्हणजे माझा दमा गेला." असं म्हणून त्यांनी पिशवीतून पंप काढला, ओढला, आणि दम घेत बसल्या.  मग म्हणाल्या, "मला जिना चढवत नाही. माझा फुगा गोल कसा आला?"

 नव्याने शिकणाऱ्याला मी स्वतः सांगतो, छातीतून फुंकू नकोस, काच फुटेल, गालातली हवा पुरते. गोलाई हातातून येते. हे मी असंख्य वेळा सांगितलं आहे. आणि तरी रोज सकाळी त्याच फुग्यावरून मी माझी छाती तपासत होतो. आम्ही सगळेच.

गप्पूशेठला राहवलं नाही. "मी त्यांना तेच सांगितलं, की ह्यात छातीचा काय संबंध, हा हातागालांचा मामला. आणि काय हात आहे त्यांचा! तुम्ही तीन महिने घेतले होते, छोटे मालक. थोरले म्हणायचे, हा काच शिकतोय का काचेला शिकवतोय."

वहिनी उठल्या आणि फळीवरचा दादाचा फुगा काढून माझ्या हातात दिला.

"हा कधीचा?"

"त्याच्या पहिल्या स्कॅनच्या दिवसाचा. सकाळचा." हॉस्पिटलात जायच्या आधी नेहमीप्रमाणे फुंकून गेला होता. त्यानंतरही त्याने फुगे फुंकले, पण मी हाच ठेवला. मला वाटायचं, हा शेवटचा खरा.

"बघा किती गोल आहे. आणि ह्या दिवशी ते दुखणं हाडापर्यंत गेलं होतं." त्यांचा आवाज चढला नव्हता. "मी त्यांना डॉक्टरकडे चला म्हणायचे. ते म्हणायचे, सकाळीच गोल आलाय. तुम्ही दोघं इतकी वर्षं काचेत, मला त्यातलं काय कळणार, म्हणून मी गप्प बसायचे. आता थोडं कळतं. म्हणून बोलायला आले."

मी तारीख घेतली. फोन गप्पूशेठनेच लावून दिला.

आज राहिलेलं: वहिनी. तोंडून निघालं नाही.

२५ एप्रिल, शुक्रवार

स्कॅन झाला. आडवं झाल्यावर मशीनमधून आवाज आला, श्वास घ्या, धरा, सोडा. मशीन चालवणारा मुलगा म्हणाला, "छान धरलात, काका." सरावाचं सांगणार होतो, नाही सांगितलं. त्याला धन्यवाद म्हणून आलो.

बाहेर वहिनींनी चहा तयार ठेवला होता. मी बाहेर आलो तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "साखर कमी की नेहमीची?" एवढंच. मी नेहमीची म्हटलं. पेशंट झाल्यासारखं काही वाटलं नाही.

२८ एप्रिल, सोमवार

उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला एक ठिपका आहे. वाटाण्याएवढा. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवला. बाहेरून धूसर, मध्ये थोडा घट्ट. म्हणाल्या, "आमच्याकडे ह्याला घासलेल्या काचेसारखी सावली म्हणतात." मला वाटलं थट्टा करतायत. पण खरंच तसंच नाव आहे. कधी ही सावली नुसती सूज असते आणि आपोआप जाते. म्हणून तीन महिने थांबून पुन्हा स्कॅन. तेव्हाही असेल तर काढायची.

परत येऊन सांगितलं तर गप्पूशेठ चाकाकडे बघून म्हणाला, "म्हणजे आतसुद्धा माझंच काम निघालं." मग दोघंही हसलो, मग तो तोंड धुवायला गेला.

भीती वाटते. लिहून टाकलं.

२२ मे, गुरुवार

कंडेन्सर पूर्ण झाले, पोचले. शेवटचे दोन वहिनींनी पॅक केले. विद्यापीठातल्या माणसाने दादाची आठवण काढली आणि "ओढायचे का?" असं विचारलं नाही. इतक्या महिन्यांत न विचारणारा हा पहिला. त्याला मुद्दाम फोन करून आभार मानले. कशाबद्दल ते सांगितलं नाही, तो गोंधळला असेल.

बर्नरांवर आता धूर ओढून घेणारा मोठा पंखा बसवला आहे. चाकावर पाणी सोडूनच काच घासायची आणि तोंडाला मास्क लावायचा, असा वहिनींचा हुकूम आहे. गप्पूशेठची तक्रार, "मास्क लावून बोलू कसं?" वहिनी म्हणाल्या, "म्हणूनच आणलाय."

१७ जून, मंगळवार

लिहिण्यासारखं काही नाही. कधी कधी फुंकताना थांबतो आणि वाटतं, ती सावली आत बसून ऐकते आहे. मग गालातून फुंकतो. काम होतं.

वहिनी आता सोप्या नळ्या वाकवतात. वाकडी झाली की दादाला बोलतात, मोठ्याने, तो शेजारी असल्यासारखं. "असं शिकवून गेलात होय!" शिकवलं तर गप्पूशेठने.

२८ जुलै, सोमवार

ठिपका गेला नाही. मधला घट्ट भाग थोडा वाढला आहे. पुढच्या तपासण्यांत तो आणखी कुठे पसरलेला दिसला नाही तर काढायचा. बाई म्हणाल्या, "तुमच्या भावाला मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या हातात इतकं नव्हतं. आज आहे." घरी येताना हे वाक्य मनात घोळवत आलो. चांगली बातमी अशीही असू शकते.

१० ऑगस्ट, रविवार

हॉस्पिटलात. परवा ऑपरेशन. पसरलेलं कुठे दिसलं नाही. शेजारच्या पलंगावर एक निवृत्त ट्रकवाले आहेत, त्यांचंही फुप्फुसाचंच. त्यांनी विचारलं, "तुम्ही किती ओढायचा?"

"कधीच नाही."

"कधीच नाही? अरेरे. मग तुमचं फुकट गेलं की. मी निदान मजा केली."

मला हसू आलं, टाके नव्हते म्हणून बरं. मग ते म्हणाले, "मलाही सगळे विचारतात, ओढायचा का. हो म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. दुखतं का, एवढंसुद्धा नाही."

मी विचारलं, "दुखतं का?"

"रात्री नाही. सकाळी दुखतं."

मी इतके दिवस दादाने कधी ओढली नाही हे जोर लावून सांगत होतो. ह्यांनी ऐकलं असतं तर काय वाटलं असतं? आज त्यांच्या मुलीने माझ्यासाठीही मोसंबी सोलली. तिचे आभार मानले. त्यांचे राहिले.

१६ ऑगस्ट, शनिवार

झालं. उजव्या फुप्फुसाचा एक भाग काढला. लिहायला बरं वाटतं. छातीत नळी होती, काल काढली. सिस्टरांनी एक खेळणं दिलं आहे, तीन खान्यांत तीन चेंडू, श्वास आत ओढून ते वर उचलायचे. मला एकच उचलता येतो. इथे गालांचा उपयोग नाही, मी करून पाहिलं. सिस्टर ओरडल्या.

ट्रकवाल्यांचे आभार मानले. ते म्हणाले, "मी काय केलं?"

२५ ऑगस्ट, सोमवार

रिपोर्ट आला. कॅन्सरच होता. पण पूर्ण निघाला आहे, आजूबाजूच्या लसिकाग्रंथींपर्यंत गेला नव्हता. आत्ता दुसरं काही औषध घ्यायचं नाही, ठरलेल्या वेळी तपासण्या करत राहायचं. बाईंनी हे दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा मला ऐकूच आलं नाही. त्यांच्या टेबलावर माझ्या फुलदाणीत नवी फुलं होती.

पुतणी आली आहे. वहिनी आणि ती स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत होत्या. मध्येच वहिनी रडल्याचा आवाज आला, दादा गेल्यानंतर मी पहिल्यांदाच ऐकला. इतके महिने थांबल्या होत्या. मी बाहेर बसून तीन चेंडूंचं खेळणं फुंकत राहिलो, म्हणजे ओढत राहिलो. दोन चेंडू वर आले.

२० सप्टेंबर, शनिवार

वहिनींबरोबर जिना चढलो. वळणावर दोघंही थांबलो. दोघांनीही खिसे चाचपले नाहीत.

६ ऑक्टोबर, सोमवार

आज कारखान्यात पुन्हा कामावर गेलो. गप्पूशेठने मास्क खाली ओढून भाषण केलं, त्यातलं निम्मं हवापाण्यावर होतं. दादाच्या बर्नरवर वहिनी बसलेल्या. तो आता त्यांचाच.

माझ्या जागेवर नळीचा तुकडा कापून ठेवलेला होता. ज्योत पेटवली. काच फिरवायला घेतली तर उजवा हात मागे राहायला लागला. खांद्यात अजून ओढ आहे. काच मऊ झाली, बाहेर काढली, फुंकली, गालातूनच. फुगा एका अंगाला गेला. वांग्यासारखा.

वहिनींनी चष्मा कपाळावर सरकवून बघितलं.

"वाकडा आहे."

"हो."

"नियम म्हणजे नियम. आज मोठं काम नाही. बुचं मोजा आणि चहा सांगा."

एरवी वाईट वाटलं असतं. मी तो फुगा दादाच्या फुग्याशेजारी फळीवर ठेवला. दादाचा किती गोल आहे. उभा राहून दोन्ही बघत राहिलो, आणि माझा वाकडा फुगा मला फार आवडला. मग बुचं मोजली. चहा आला. दिवस गेला.

संध्याकाळी बर्नर बंद झाले. गप्पूशेठ गेला. वहिनी दादाच्या स्टुलावर बसून हात पुसत होत्या. मला म्हणाल्या, "आज कुणाचं राहिलं?" त्यांच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकलं. त्यांना हा प्रश्न माहीत आहे हेही मला ठाऊक नव्हतं. दादा घरी जाऊनही विचारत असणार.

मी म्हटलं, "तुमचं राहिलंय, वहिनी. एप्रिलपासूनचं."

 त्यांनी पिशवी उचलली, पंप आत आहे ना ते चाचपलं आणि दिवा मालवला.

"एकदम देऊ नका," त्या म्हणाल्या. "रोज थोडं थोडं द्या. पुष्कळ वर्षं पुरवायचंय."